एका आडव्या रेघेचा फरक

इंग्रजी चमचा हातात आला की मी आधी दांडीची मागची बाजू बघतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनच्या चमच्यावर तिथे पाच ठसे असतात. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, एक अक्षर वर्षाचं, राजाचं मस्तक म्हणजे कर भरल्याची खूण (ही पद्धत १७८४ ते १८९० चालली), आणि पाचवी कारागिराची आद्याक्षरं.

दादरच्या पारसी कॉलनीतल्या एका घरात वाटणीसाठी काढलेल्या चमच्यांवर हे पाचही ठसे होते. पण एका सराफाने ते बघून सांगितलं होतं, "ठसे बनावट आहेत, मोडीत घाला." भाचा त्या तयारीतच होता. मावशी मात्र अडून बसल्या होत्या. "आमच्या घरात खोटी चांदी नाही येत," एवढंच त्या म्हणाल्या, आणि चमच्यांची मखमली पिशवी माझ्यापुढे ठेवली.

भिंग लावलं. सिंह जरा जाडा, पंजे एकमेकांत मिसळलेले. पण दोनशे वर्षं घासलेल्या चांदीत एवढं चालतं. अडलो ते आद्याक्षरांवर. एकाखाली एक तीन ओळी: 'डब्ल्यू ई', 'डब्ल्यू ई', 'डब्ल्यू सी'. लंडनमध्ये विल्यम ईली, विल्यम फर्न आणि विल्यम चॉनर यांची चमचे-काट्यांची भागीदारी होती, आणि त्यांच्या ठशात मधली ओळ 'डब्ल्यू एफ' असते. इथे 'एफ'ला खाली एक आडवी रेघ जास्त मिळून त्याचा 'ई' झाला होता. वर्षाचं अक्षरही जुळेना. मोठ्या लिपीतला 'एल' लंडनमध्ये १८०६चा. या तिघांची भागीदारी सुरू झाली १८०८मध्ये.

म्हणजे सराफ एका अर्थी बरोबर होता: हे ठसे लंडनचे नव्हते. पण मला ते बघून जो आनंद झाला तो लंडनच्या चमच्याने झाला नसता. 'डब्ल्यू ई, डब्ल्यू ई, डब्ल्यू सी' हा ठसा जाणकारांना चांगला ओळखीचा आहे. तो चीनमधल्या कँटनचा. १८४२च्या नानकिंग तहापर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये तेवढं एकच बंदर खुलं होतं. तिथले चांदीकाम करणारे कारागीर इंग्रजी चमच्यांच्या घडणीसोबत त्यावरचे ठसेही उतरवून घेत. रोमन लिपी न वाचणाऱ्या माणसाने झिजलेल्या 'एफ'चा 'ई' केला असावा, असं मला वाटतं. फसवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चीनमध्ये लंडनसारखं कस तपासून ठसा मारणारं कार्यालय नव्हतं, आणि गिऱ्हाइकाला हवी होती ती ओळखीची रांग.

पण ठशाने कस ठरत नाही, म्हणून क्ष-किरणांनी धातूतली चांदी मोजणाऱ्या एक्सआरएफ मशीनवर तपासणी केली. हे मशीन फक्त वरचा थर वाचतं, म्हणून एका कोपऱ्यात बारीक ओरखडा काढून आतही बघितलं. नव्वद टक्क्यांच्या आसपास चांदी, आत-बाहेर सारखीच. मुलाम्याचा प्रश्नच उरला नाही.

मी मावशींना विचारलं, घरातलं कोणी चीनला जायचं का? त्या हसल्या. सासऱ्यांच्या पणजोबांचा कापसाचा व्यापार होता, जहाजं मुंबईहून कँटनला जात. जमशेटजी जीजीभॉय १७९९मध्ये पहिल्यांदा त्याच वाटेने गेले होते. त्या पिढीतल्या कितीतरी पारसी घरांची भरभराट त्या बंदरावर झाली. त्या व्यापारात कापसासोबत अफूही होती, हे मावशींनी मी न विचारताच सांगितलं.

एक चमचा वेगळा निघाला. त्यावर मधली ओळ नीट 'डब्ल्यू एफ', आणि अक्षर 'ओ', म्हणजे १८०९. तो खराखुरा लंडनचा. जुन्या संचातले हरवलेले चमचे कँटनमध्ये पुरे करून घेत, तसं इथे झालं असेल. पण त्याला कागद नाही, म्हणून अहवालात मी ते लिहिलं नाही. बाकीच्यांपुढे लिहिलं: 'कँटन, एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध, इंग्रजी धर्तीचे ठसे.' आणि भाच्याला बजावलं, वाटणी कशीही करा, पण हे चमचे पॉलिशवाल्याच्या चाकाखाली देऊ नका. ती जादा रेघ घासली गेली तर ओळखायचं कशावरून?