जिमनीच्या डब्यातून जिप्सी

शिझुओकात गाडीचं मॉडेल किट मिळालं नाही म्हणणं म्हणजे आळंदीत टाळ मिळाले नाहीत म्हणण्यासारखं आहे. तरीही मला हवी असलेली गाडी इथल्या एकाही दुकानात नव्हती. मारुती जिप्सी.

आधी या गावाबद्दल सांगतो, कारण पुण्यातल्या फार थोड्या लोकांना त्याची ओळख आहे. टोकियो आणि नागोयाच्या मधे, समुद्राकाठी हे शहर आहे. जपानमध्ये तयार होणाऱ्या प्लास्टिक मॉडेल्सपैकी ८० टक्क्यांहून जास्त माल शिझुओका या एका प्रांतातून निघतो. तामिया, आओशिमा, फुजिमी या मॉडेल कंपन्या इथल्याच, आणि हासेगावा शेजारच्या याइझू गावातली. स्टेशनबाहेर एक टपालपेटी आहे, तीसुद्धा किटमधल्या सुट्या भागासारखी चौकटीत बसवलेली, आणि लोक तिच्यात खरोखर पत्रं टाकतात. ही सगळी परंपरा मुळात लाकूडकामाची. तामियाची सुरुवात १९४६ मध्ये लाकडाच्या व्यवसायातून झाली. १९५१ मध्ये आगीत सगळं लाकूड जळालं, मग लाकडी मॉडेल्सवर भर आला आणि १९६० मध्ये ‘यामातो’ युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक किट निघालं.

ज्यांनी हे कधी हातात घेतलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डब्यात तयार गाडी नसते. पॉलिस्टायरीनच्या चौकटी असतात, त्यांना रनर म्हणतात, आणि त्यांना सीट, दांड्या, चाकांच्या रिम असे सगळे भाग लटकलेले असतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडायचे. जोडायला जे लागतं तो आपल्या ओळखीचा गोंद नव्हे. ते पातळ द्रव असतं. दोन भाग एकमेकांना टेकवून फटीला नुसता ब्रश लावला की ते आपोआप आत ओढलं जातं, दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवतं आणि वाळल्यावर दोन भागांचा एकच भाग झालेला असतो. सांधा नीट घासला तर शोधूनही सापडत नाही. मला या छंदातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

तामियाच्या शुनसाकू तामियांची एक हकिगत इथे बरेच जण सांगतात. १९७६ च्या पोर्शे ९३४ च्या किटसाठी मापं पुरेनात, तेव्हा त्यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि सुटी करून मापली. हे ऐकलं तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळते आहे. ज्या गाड्यांची मॉडेल्स जगभर मिळतात, त्या गाड्या कुणीतरी बसून मापलेल्या आहेत. आपल्या रस्त्यावरच्या गाड्या कुणी मापल्या नाहीत. त्या आपणच मापायला हव्यात.

डब्यातली गाडी बदलून स्वतःची करणं हे काही नवीन नाही. अमेरिकेत एएमटी कंपनीने १९५८ मध्ये ‘थ्री इन वन’ किट काढली. एकाच डब्यातून कारखान्यातून निघालेली मूळ गाडी, हौसेने सजवलेली किंवा शर्यतीची, जी हवी ती करा. तिथल्या पोरांनी बंपर काढले, छप्परं खाली आणली, दुसऱ्या डब्यातलं इंजिन यात बसवलं. अमेरिकन मॉडेल्स बहुतेक एकास पंचवीस मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढी असतात, जपानी एकास चोवीस. मला चोवीसच बरं वाटतं. त्याचं कारण पुढे येईल.

जिप्सी भारतात १९८५ च्या डिसेंबरात आली. तिचं मूळ सुझुकीची जिमनी. आता हासेगावाचं एकास चोवीस मापाचं जिमनीच्या जेए ११ या आवृत्तीचं किट आहे, आणि स्टीअरिंगही आपल्यासारखं उजवीकडे. पण जपानची ही जिमनी आखूड आहे, कारण ती इथल्या ‘केइ’ म्हणजे छोट्या गाड्यांच्या वर्गातली. त्या वेळच्या नियमानुसार लांबी ३.३ मीटर आणि रुंदी १.४ मीटरच्या आत हवी, इंजिन ६६० सीसीच्या आत हवं. म्हणून जेए ११ ची लांबी ३२९५ मिलिमीटर आणि आपल्या जिप्सीची ४०१०. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जिमनीचं २०३०, जिप्सीचं २३७५. फरक ३४५ मिलिमीटर. भागिले २४, म्हणजे १४.४ मिलिमीटर. एकूण लांबीतला फरक मॉडेलवर जवळजवळ ३० मिलिमीटर होतो, त्यातला निम्मा चाकांच्या मधे आणि बाकीचा मागच्या चाकांमागे नि बंपरांत.

एवढं कागदावर झालं. पण दार संपतं तिथून मागच्या मडगार्डची कमान किती अंतरावर सुरू होते, कापडी हूडच्या नळ्या कुठे वाकतात, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत किट बॅगेत घालून पुण्याला आलो आणि एरंडवण्यात अप्पांकडे गेलो. अप्पा आमचे जुने शेजारी. त्यांच्या पांढऱ्या जिप्सीत मागे समोरासमोर बसून आम्ही वाड्यातली सगळी पोरं सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेलेलो आहोत. गाडी अजून आहे, झाकून ठेवलेली.

“मापायची म्हणजे काय करायचंय नेमकं?” अप्पांनी विचारलं.

“एकास चोवीस अप्पा. फुटाला अर्धा इंच.”

“मग सोपं आहे. टेप मी धरतो, तू आकडे लिही.”

आयुष्यभर फूट-इंचांत काम केलेल्या माणसाला हे माप सांगावंच लागलं नाही. दुपारभर त्यांनी टेप धरला. मधेच थांबून हूडच्या नळीवरचा एक वाक दाखवला आणि म्हणाले, “हा कंपनीचा नाही हो. ताम्हिणीत फांदी पडली होती, तेव्हाचा.” तो वाकही मी लिहून घेतला. मॉडेलवर तो आहे.

पुण्यात हे काम करताना सगळ्यात जास्त आनंद सामान शोधताना झाला. रंगाचे स्प्रे, थिनर, जोडायचं द्रव हे सगळं ज्वलनशील, विमानात नेता येत नाही. स्टायरीनच्या पातळ शीट तेवढ्या सपाट ठेवून आणल्या. बाकी नाना पेठेत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जिप्सीचा पांढरा म्हटल्यावर दुकानदाराने छटा विचारून डबीत मिसळून दिला. फटी भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, तिथेच मिळाली. बोहरी आळीतून पाण्याचा पॉलिश पेपर चारशे नंबरपासून दोन हजार नंबरपर्यंत घेतला आणि पितळी तारही. एक काळजी मात्र जरूर घ्या. गाड्यांच्या रंगातला थिनर पॉलिस्टायरीन खातो. आधी मॉडेलसाठीचा प्रायमर हवा, आणि रंगाचे पहिले दोन-तीन हात इतके हलके द्यायचे की ते पृष्ठभागावर पोचेपर्यंत अर्धे सुकलेले असतील. खिडकी उघडी, नाकावर नीट मास्क, घरात लहान मूल असेल तर काम गच्चीवरच.

दिवाळीची सुट्टी मी मुद्दाम निवडली. लॅकर रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेत ओल असेल तर तिथे पाणी धरतं. रंगावर दुधाळ डाग येतो. जुलै-ऑगस्टात पुण्यात हे होणारच, आणि शिझुओकाच्या पावसाळ्यातही. पुण्याची नोव्हेंबरची कोरडी हवा रंगकामाला फार चांगली. पुण्यात राहून हा छंद करणाऱ्यांनी गणपतीपर्यंत जोडकाम आणि घासकाम आटपावं, रंग दिवाळीत द्यावेत.

कापाकापी आईच्या जेवणाच्या टेबलावर झाली. दारामागे बारीक करवतीने बॉडी आडवी कापली, खालची चेसिसही तेवढीच, मधे शीटचे तुकडे आणि आतून एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांचा आधार. डब्यातली गाडी बंद टपाची, तेव्हा टप काढून टाकला. सुरुवातीची जिप्सी १४६० मिलिमीटर रुंद होती, तो तीनेक मिलिमीटरचा फरक मडगार्डच्या कडांवर वाढवून घेतला. बारीक फटींसाठी उरलेल्या रनरचे तुकडे त्याच जोडद्रवात विरघळवले की उत्तम भरण होते, कारण ते मूळ प्लास्टिकच असतं. हूड केलं पितळी तारेच्या सांगाड्यावर टिश्यू पेपर ताणून आणि पाणी घातलेलं फेव्हिकॉल वरून लावून. सुकल्यावर कापडाच्या सुरकुत्या हुबेहूब आल्या. रेडिओची एरियल म्हणजे मेणबत्तीवर तापवून ओढलेला रनर, केसाएवढा बारीक होतो. आई शेजारी भाजी निवडत बसली होती. तिने एवढंच विचारलं, “मागची सीट समोरासमोर आहे ना?” आहे.

शिझुओकात दर मे महिन्यात मोठा हॉबी शो भरतो. त्याच वेळी जपानभरातले मॉडेलर क्लब आपापली टेबलं मांडतात. आमच्या क्लबच्या टेबलावर जिप्सी ठेवली होती. एक वयस्क गृहस्थ बराच वेळ वाकून बघत उभे राहिले. आयुष्यभर जिमनीच चालवली म्हणाले. मग मला विचारलं, “ही इतकी लांब का?” मी सांगितलं, भारतात ही अशी तीस वर्षांहून जास्त काळ बनत होती, सैन्यात, पोलिसांत, जंगलात आणि आमच्या अप्पांकडे. नळीवरचा वाक दाखवला. त्यांनी वहीत त्याचं चित्र काढून घेतलं. फोटो मी त्याच रात्री अप्पांना पाठवले.

आता पुढची गाडी टाटा सिएरा. १९९१ ची, तीन दारांची, आपल्या पिंपरीची. तिच्या मागच्या मोठ्या काचा छपरात वळतात, आणि ज्यात बदल करून ती होईल असा डबा मला अजून सापडलेला नाही, म्हणजे बॉडी पूर्ण शीटमधून उभी करावी लागणार. पुण्यात, चिंचवडात, कुठेही कुणाकडे मूळ काचांची जुनी सिएरा असेल तर कळवा. येत्या दिवाळीत टेप घेऊन येतो, अप्पाही येणार आहेत. काचेचा बाक घ्यायला जाड पुठ्ठा लागेल, तेवढा घरात असू द्या.