वीरगळ, ऑइलपेंट आणि ग्रामसभेचा ठराव

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातल्या दगडांवर बदामात कोरलेली नावं पाहिली की माझं डोकं सणकायचं. नुसतं चिडून भागणार नव्हतं, म्हणून ओळखीच्या इतिहासप्रेमींबरोबर रविवारी फिरायला लागलो. तिथं पहिल्यांदा सांगितलं गेलं ते हे, की दगडाला हात लावायचा नाही. तारेचा ब्रश, ॲसिड, थिनर, काही नाही. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. नावं पुसणं त्यांचं काम. कोरताना कुणी दिसला तर पहारेकऱ्याला सांगायचं. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाल्यापासून अशा माणसाला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्वयंसेवकाला मात्र दंड करायचा अधिकार नाही.

पण किल्ल्याला निदान कुंपण आहे, पाटी आहे. खरी काळजी वाटते ती गावागावांतल्या वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेल्या दगडांची. वेशीत, पारावर, मारुतीच्या देवळामागं पडलेले हे दगड बहुतेक कुठल्याच यादीत नसतात. काहींवर धुणं आपटतात, काहींखाली गुप्तधन असेल म्हणून रात्री खड्डे घेतात. आणि काहींना भक्तिभावानं ऑइलपेंट लागतो. माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान या शेवटच्या प्रकारानं होतं, कारण रंग देणाऱ्याला आपण पुण्यच करतोय असं वाटतं. त्याला गुन्हेगार म्हणून कसं चालेल?

दक्षिण सोलापुरातल्या एका गावात यात्रेआधी रंगाचे डबे येऊन पडले होते. आजोबा म्हणाले, "मालक, रंग न्हाई दिला तर देव उघडा दिसतो की." वाद घातला नाही. अंधार पडेपर्यंत थांबलो आणि रंग न लागलेल्या वीरगळावर बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटवून बॅटरी धरली. दिवसा सपाट वाटणारा दगड एकदम उठून आला. खाली तलवार उगारलेला वीर, त्याच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. आजोबांनी वाकून घोड्याच्या लगामावरून बोट फिरवलं. "हा तर घोड्यावर हाय!" मग त्यांनीच घराघरांतून पोरं बोलावून आणली.

शिलालेखासाठीही हीच युक्ती. अक्षरांत खडू किंवा पीठ भरायचं नाही. तिरपा उजेड पुरतो. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, जागेची नोंद, लांबी-रुंदी, बस्स.

त्यानंतरचं काम कागदाचं, आणि तिथं दम लागतो. आमचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहिला. शेवटी उत्तर आलं की हे दगड संरक्षित यादीत नाहीत. मग ग्रामसेवकांना भेटून विषय ग्रामसभेपुढं आणला. ठरावात लिहून घेतलं: वीरगळ जागेवरून हलवायचे नाहीत, रंग-सिमेंट लावायचं नाही, आसपास खोदायचं नाही. शेवटच्या मुद्द्यावर कुजबुज झाली. तेव्हा १८७८ चा कायदा सांगितला: जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. ठरावाची प्रत पोलीस पाटलांकडेही दिली.

"एवढा खटाटोप कशाला?" असं कुणी विचारलं की मी हत्तरसंग कुडलचं नाव घेतो. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे. हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचा. तो उजेडात आणणारे आनंद कुंभार सोलापूरचेच, नोकरी सांभाळून गावोगाव फिरलेले. त्या तुळईवर आधीच कुणी ऑइलपेंटचे दोन हात मारले असते तर?

रंगाचे ते डबे शेवटी शाळेच्या कंपाउंडला लागले. वीरगळांभोवती दगडी कट्टा करायचं गावात चाललंय, पण पाया खणायचा म्हणजे पुन्हा खोदणं आलं. म्हणून आधी पुरातत्त्वाच्या जाणकारांना जागा दाखवू, असं सरपंचांना सांगितलंय, आणि त्यांना पटलंय.