सेवा की पैसा? तुम्ही विचारलंत म्हणून

“ताई, आशा सेविकेचं काम पैशासाठी करता की सेवा म्हणून?” मास्तर विचारतात, पाहुणे विचारतात, आझाद मैदानावर आंदोलनाला बसलो होतो तेव्हा कॅमेरेवाल्यांनीही विचारलं. तलाठ्याला कुणी विचारत नाही.

पूर्वी मी झटकन ‘सेवा’ म्हणायचे. बैठकीत टाळ्या पडायच्या. ती मी आज भेटली तर म्हणेन, बाई, तुझ्या या गोड उत्तरामुळेच आपण कागदोपत्री अजून आरोग्य स्वयंसेविका आहोत. पगार नाही, मोबदला; काही ठरावीक, काही कामागणिक.

नवजात बाळाच्या घरभेटीच घ्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. वजन, ताप, श्वास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना हे शिकवून बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. म्हणून आशाला ‘फॉर्म भरणारी बाई’ म्हणू नका. सगळ्या भेटी मिळून २५० रुपये. अट अशी की जन्मनोंद हवी, लस हवी आणि ४२ व्या दिवशी आई-बाळ सुखरूप हवीत.

एक बाळ होतं, जन्मतः १७०० ग्रॅम. चौदाव्या दिवशी गेले तर अंग गार, दूध ओढेना. पदर बाजूला करून श्वास मोजले, ७२. पुन्हा मोजले, तेवढेच. साठच्या वर म्हणजे थांबायचं नाही. आजी म्हणाली, “पोरगा फडावरून येऊ दे.” मी १०२ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवलं, मीही गाडीत बसले. जिल्ह्याला काचेत ठेवलं. तीन दिवसांनी गेलं.

दोन दिवसांनी त्या घरी गेले. आईची छाती दुधानं तटतटली होती, ते कसं उतरवायचं ते सांगायला. दारातच चुलत सासू म्हणाली, “आता तुझे अडीचशे बी गेले गं पोरी.”

टोमणा नव्हता. तिला खरंच वाईट वाटत होतं. मला बोलता आलं नाही, कारण दवाखान्यातून परतताना एसटीत तो हिशेब माझ्याही डोक्यात येऊन गेला होता. आला म्हणून लाज वाटली. मग लाज वाटली याचा राग आला. घरात पोरांची फी थकलेली, हिशेब येणार नाही तर काय?

२०२४ मध्ये राज्यानं महिन्याच्या मोबदल्यात पाच हजार वाढवले, ते मी मोजून घेते. उशीर झाला की भांडते. त्या घरी पुढच्या बाळंतपणालाही गेले. यातून तुमचं उत्तर काढायचं तर काढा, मला अजून जमलेलं नाही. पण विचारायचंच असेल तर मोबदला कुठं अडकलाय, तेही एकदा तालुक्याला विचारून या.