जिंकला तो खटला रोझा पार्क्स यांचा नव्हता

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराची बस म्हटली की रोझा पार्क्स आठवतात. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून १ डिसेंबर १९५५ ला या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली, १० डॉलर दंड आणि वर ४ डॉलर कोर्टखर्च बसला. पण बसमधला वर्णभेद ज्या खटल्यानं मोडला, त्याच्या वादींमध्ये पार्क्स यांचं नाव नाही. ते मुद्दामच वगळलं होतं.

पार्क्स यांच्यावरचा खटला फौजदारी, तोही राज्याच्या कोर्टातला. अलाबामाच्या कोर्टांनी अपील लटकवत ठेवलं असतं, नाहीतर एखाद्या तांत्रिक मुद्द्यावर गुंडाळलं असतं, आणि मूळ कायद्याला धक्काही लागला नसता. म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ ला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात वेगळा दिवाणी दावा लावला, ब्राउडर विरुद्ध गेल. शेवटपर्यंत टिकलेल्या वादी चार, चौघीही बायका. त्यांतली क्लॉडेट कॉल्विन पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, वयाच्या १५ व्या वर्षी, बसमधली जागा सोडली नाही म्हणून पकडली गेली होती. राज्याचा कायदाच घटनाबाह्य आहे असं म्हणणं असल्यानं दावा तीन न्यायाधीशांपुढे गेला. अशा दाव्याचं अपील थेट सुप्रीम कोर्टात जायचं, म्हणजे मधली एक पायरी वाचली. ५ जूनला २ विरुद्ध १ निकाल लागला, १३ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं तो कायम केला.

पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला होता. गंमत म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या मागण्या फार मवाळ होत्या. गोऱ्यांनी पुढून आणि कृष्णवर्णीयांनी मागून बसत यावं, बसलेल्याला कुणी उठवू नये, जागांबाबत मागणी इतकीच. भेदच नको हे दाव्यानं मागितलं. पण निकाल लागेपर्यंत माणसं टिकवायची कशी?

बसचे सुमारे तीन-चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय, त्यामुळे कंपनीला फटका लगेच बसला. तितकाच प्रवाशांनाही, कारण कामावर तर जायचंच होतं. टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच १० सेंट घ्यायला सुरुवात केली, तर पोलिसांनी किमान ४५ सेंट भाड्याचा नियम पुढे केला. मग साधारण ३०० खासगी गाड्या, ठरलेले थांबे आणि चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशन वॅगन. त्यांचे विमे रद्द होऊ लागले. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे पोलिसांच्या हाती आयतं कोलीत. शेवटी लंडनच्या लॉइड्समार्फत विमा मिळाला. शहरानं मग ही वाहतूकच थांबवायला मनाई हुकूम मागितला आणि तो मिळालाही, नेमका १३ नोव्हेंबरलाच. निकालाची बातमी त्याच सुनावणीत येऊन थडकली. तरी सुप्रीम कोर्टाचा आदेश हातात पडला २० डिसेंबरला, त्यामुळे शेवटचा महिनाभर लोक बरेचसे पायीच चालले. सगळे मिळून ३८१ दिवस.

पेट्रोलचे पैसे स्वयंपाकघरांतूनही आले. जॉर्जिया गिल्मोर आणि त्यांच्या मैत्रिणी केक, ‘पाय’ नावाचा भाजलेला पदार्थ, जेवणाचे डबे विकून पैसे सभेत आणून देत. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले विचारलं तर ‘कुठूनच नाही’. विकत घेणाऱ्याची नोकरी जायला नको, ही त्यामागची काळजी.

सभा चर्चमध्ये, सोमवारी आणि गुरुवारी, आणि सुरुवात गाण्यांनी. एकानं ओळ म्हणायची आणि सभागृहानं ती उचलायची, झीलकरी झील ओढतात तशी. हातात कागद लागत नाही, वाचता न येणाराही मागे राहत नाही.

मला सगळ्यात हुशारीचं वाटतं ते शेवटी शेवटी केलेलं नाटक, पुन्हा बसमध्ये चढल्यावर कसं वागायचं याचा सराव. वेदीसमोर खुर्च्या मांडून बस करायची, पुढे ड्रायव्हरची खुर्ची, आणि प्रेक्षकांतून डझनभर जणांना भूमिका वाटून द्यायच्या: सभ्य गोरा प्रवासी, शिव्या देणारा गोरा, कृष्णवर्णीय प्रवासी. कधी शिवी खाणारा भूमिका विसरून खरोखर हात उगारायचा. मग तिथेच थांबून चर्चा. सोबत सूचनांचा छापील कागद: दुसरी जागा रिकामी असेल तर मुद्दाम गोऱ्याशेजारी बसू नका; बसताना ‘बसू का?’ एवढं म्हणा.