११ अक्षरं आणि १७ रकाने: ६७ची मस्टँग कन्व्हर्टिबल नावावर करताना

पत्राकाम, इंजिन, गिअरबॉक्स, रंग, छत या सगळ्यांनी मिळून दिला नाही तेवढा मनस्ताप मला एका नंबराने दिला. अमेरिकेत राहून १९६७ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल, म्हणजे दुमडत्या छताची गाडी, नव्याने उभी करायचा कुणाचा विचार असेल, तर पहिला पाना लावण्याआधी हे वाचावं.

१९८१च्या मॉडेलपासून इथल्या गाड्यांचा व्हिन, म्हणजे आपण ज्याला चासी नंबर म्हणतो तो, १७ अक्षरांचा असतो. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. ६७च्या मस्टँगचा नंबर ११ अक्षरांचा. माझा ‘७आर०३सी’ने सुरू होतो. ७ म्हणजे १९६७, आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना, ०३ म्हणजे कन्व्हर्टिबल, सी म्हणजे दोन बॅरलच्या (हवेच्या दोन वाटांच्या) कार्ब्युरेटरचं २८९ घनइंचाचं इंजिन आणि पुढे सहा आकडी अनुक्रमांक.

नोंदणी कार्यालयात पहिल्या दिवशी मला सांगण्यात आलं की नंबरातली सहा अक्षरं गहाळ आहेत, ती शोधून आणा. नसलेली अक्षरं कुठून आणायची? अशा वेळी वाद घालू नये. जुन्या गाड्यांची कामं कोण बघतं ते विचारून सरळ त्याच माणसाकडे जावं. मला हे तिसऱ्या खेपेला कळलं. त्या बाईंनी दोन मिनिटांत नंबर भरला आणि खरी अडचण वर आली: जुन्या टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, ०३ऐवजी ‘ओ३’ छापलेलं होतं. शून्याच्या जागी अक्षर! त्यामुळे मागची नोंद सापडेना, आणि नोंद सापडत नाही म्हणजे गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यायची.

म्हणून गाडी विकत घेतानाच विक्रेत्यासमोर टायटलवरचा नंबर आणि पत्र्यावरचा नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघा. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस या जोड्या आधी तपासा. चूक दिसली तर दुरुस्ती त्याच्याच नावावर, त्याच्याच राज्यात होऊ द्या. गाडी घरी आणल्यावर तेच काम दसपट अवघड होतं.

तपासणी अधिकाऱ्याने आधी ड्रायव्हरच्या दारावरची माहितीपट्टी पाहिली आणि बाजूला सारली. त्यात त्याची चूक नव्हती. दार बदलता येतं आणि हवा तो मजकूर ठोकलेली नवी पट्टी टपालाने मागवता येते. ६७पर्यंतच्या मस्टँगचा खरा नंबर बॉनेटखाली असतो. ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनच्या खोलीची जी आतली भिंत असते, तिला एप्रन म्हणतात. तिच्या वरच्या कडेवर तो ठोकलेला असतो आणि दिसावा म्हणून फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याच्या) ओठाला तिथे खाच दिलेली असते. काचेतून दिसणारा डॅशबोर्डवरचा नंबर ६८पासून आला. हे माहीत नसलेला तपासनीस काचेपाशीच शोधत बसतो, तेव्हा आपणच बॉनेट उघडून जागा दाखवावी.

माझ्या गाडीत तिथे नंबर नव्हता. म्हणजे होता, पण रंगाच्या दुकानाने त्याच्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर हाय-बिल्ड प्रायमरचे तीन हात, मग रंग आणि क्लिअर कोट चढवला होता. हाय-बिल्ड प्रायमर बनलेलाच असतो खड्डे बुजवायला. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी ठोकलेली उथळ अक्षरं त्याने पार गिळली. अकरापैकी चार वाचता येत होती. नंबर झाकू नका असं मी दोनदा सांगितलं होतं, आणि ते आठवलं की आजही डोकं तापतं. पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली.

इथे घाई करून पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर हातात घेतलात तर संपलंच. नंबराभोवती घासल्याचे ओरखडे दिसले की तो खाडाखोडीचा संशय ठरतो, आणि व्हिनमध्ये फेरफार हा इथे गुन्हा आहे. मी आधी अधिकाऱ्याला लेखी विचारलं, परवानगीचं उत्तर छापून घेतलं, आधीचे फोटो काढले. मग जेलसारखा येणारा पेंट रिमूव्हर फक्त नंबर असलेल्या कडेच्या पट्टीवर लावला, वर प्लास्टिकचा कागद, वीस मिनिटं थांबायचं, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, नायलॉनच्या ब्रशने अक्षरांच्या आतलं काढायचं. असं चार वेळा. शेजारच्या रंगावर मास्किंग टेपचे तीन थर द्यावेत, नाहीतर थेंब जाईल तिथला नवा रंग उठेल. उघड्या पत्र्याला लगेच पातळ तेल लावावं, एका रात्रीत गंज धरतो. वाचताना टॉर्च समोरून मारू नका, आडवा धरा. सावलीत अक्षरं उठून दिसतात.

तरी एक आकडा तीन की आठ ते ठरेना. तेव्हा डावा फेंडर उतरवावा लागला. फोर्डने हाच नंबर दोन्ही एप्रनवर फेंडरखाली लपेल अशा जागीही ठोकला होता. उजवीकडचा माझा गेलेला, कारण बॅटरी त्या बाजूला असते, तिच्या आम्लाने एप्रन खाल्ला होता आणि मी तो अख्खा बदलला होता. कापलेला तुकडा फेकला ही माझी चूक. तुम्ही फेकू नका, काम पूर्ण होऊन टायटल हातात येईपर्यंत जपून ठेवा. मात्र तो दुसऱ्या पत्र्याला जोडायच्या फंदात पडू नका.

फेंडरचे बोल्ट वरच्या कडेला दिसतात तेवढेच नाहीत. दार उघडल्यावर खांबापाशी एक सापडतो, खाली रॉकरपाशी (दाराखालच्या लांब पत्र्याच्या पेटीपाशी) असतात, पुढे हेडलाइटच्या बाजूला असतात. प्रत्येक बोल्टखालच्या शिमा (फट जुळवायच्या पातळ चकत्या) मोजून पिशवीत नाव लिहून ठेवा, नाहीतर दाराची फट पुन्हा जुळवताना दोन दिवस जातात. लपलेल्या जागी कारखान्याचाच रंग होता, तो आकडा स्वच्छ वाचता आला. आठ.

सोबत मार्टी रिपोर्ट नेला होता. फोर्डच्या मूळ उत्पादन नोंदींवरून तो बनतो आणि त्या नोंदी १९६७पासूनच्याच आहेत, त्यामुळे आपलं मॉडेल जेमतेम बसतं. कायद्याने तो पुरावा नाही. पण त्यात कन्व्हर्टिबल, सॅन होजे आणि मूळ रंग छापलेला पाहिल्यावर ‘ओ३’ हा टंकदोष आहे हे अधिकाऱ्याला पटलं. सही झाली तेव्हा मी पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसता गाडीत बसून होतो.

अर्जातला इंजिन नंबराचा रकानाही अडवतो. ६७च्या साध्या २८९ इंजिनवर गाडीचा नंबर ठोकलेलाच नसे, तसं स्पष्ट लिहून द्यावं. माझ्यात आता १९८९च्या मस्टँगचं पाच लिटरचं ३०२ आहे, म्हणून त्याची पावती, ते ज्या गाडीतून काढलं तिच्या व्हिनसकट, जोडली. इंजिन जुन्याच माउंटवर बसतं, पण तीन गोष्टी सांभाळा. फ्लायव्हील आणि पुढचा बॅलन्सर, म्हणजे इंजिनचा तोल सांभाळणारी चाकं, ५० औंस तोलाचीच हवीत, जुन्या २८९ची २८ औंसाची लावली तर इंजिन थरथरून बेअरिंग खाईल. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-७-२-६-५-४-८ आहे, जुनी १-५-४-२-६-३-७-८ होती. आणि इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी पुढे खोलगट असलेली घ्यावी लागते, नाहीतर क्रॉसमेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या दांड्याला, अडते. पाच गिअरच्या टी-५ गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर मागवताना कन्व्हर्टिबल असं बजावून सांगा.

पत्राकामाचं एकच सांगतो: दोन्ही रॉकर एकाच वेळी कापू नका आणि दारांच्या चौकटीत आडव्या सळया वेल्ड केल्याशिवाय एकही कापू नका. छत नसल्यामुळे सगळा भार रॉकरवर असतो. मध्ये बॉडी बसली की दाराची वरची फट मिटते. शेवटचं वेल्डिंग दारं लावून, फटी बघूनच करा.

रंगाला गाडी देण्याच्या आदल्या दिवशी नंबराची पट्टी स्वतः स्वच्छ करा, फोटो काढा, तिच्यावर टेप लावा आणि खाचेतही टेप भरा. आता माझ्या पट्टीवर क्लिअर कोटचा एकच पातळ हात आहे, ब्रशने मारलेला. बाजूचा रंग चकाकतो, ती पट्टी जरा मळकट दिसते आणि तशीच ठेवणार आहे.