भांडारचं मांडार

नागपूरच्या इतवारीतल्या त्या साडीच्या दुकानावर फ्लेक्स टांगला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मे महिन्याचं ऊन डोळ्यांवर यायला लागलं होतं. खरा बोर्ड अजून कापायचा होता. मोठं काम असलं की अ‍ॅक्रिलिकला हात लावण्याआधी त्याच मापाचा साधा फ्लेक्स जागेवर लावून बघायचा, ही आमच्या वर्कशॉपची रीत आहे. समोर गठ्ठे उतरवणारे एक हमालभाऊ थांबले, मान वर केली आणि मोठ्यानं वाचलं, "वस्त्रमांडार. हे काय नवीन आहे जी?"

मी रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. खरंच 'मांडार' दिसत होतं. भ आणि म यांच्यात फरक तो केवढा? भ च्या डोक्यावरची शिरोरेघ डावीकडे तुटते आणि तिथं एक गाठ येते. ती फट बुजली की भ चा म झाला. ती फट मीच बुजवली होती.

त्याचं असं झालं. शेठजींनी मुंबईच्या एका लग्नाची पत्रिका आणली होती. तिच्यावरची इंग्रजी अक्षरं त्यांना फार आवडली होती: दांड्या लठ्ठ, जोडरेघा केसाएवढ्या आणि टोकाला सरळ पातळ सेरिफ, म्हणजे छोट्या आडव्या रेघा. अक्षरांच्या या घराण्याचा मूळपुरुष इटलीतल्या पार्मा शहरातला मुद्रक बोदोनी, १८१३ साली वारलेला. त्याच्या अक्षरांत जाड-बारीकीचा फरक आधीच ठसठशीत होता. पुढे लंडनच्या छपाईचे खिळे ओतणाऱ्यांनी भित्तिपत्रकांसाठी दांड्या आणखी फुगवल्या आणि त्या प्रकाराला 'फॅट फेस' नाव पडलं. मला स्वतःला हे अक्षर मनापासून आवडतं. एकच शब्द मोठ्या आकारात लावा, पान भरून जातं. तेच बारा पॉइंटात मजकुराला वापरलं तर चार ओळींत डोळे थकतात.

इंग्रजी तयार होतं, मराठी नव्हतं. राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर मराठी आधी हवं आणि ते दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. शेठजींना तर दोन्ही नावं सख्ख्या भावांसारखी दिसायला हवी होती. घाईत मी एक नेहमीचा देवनागरी फॉन्ट घेतला, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला जाड आउटलाइन दिली आणि छापून टाकला. आउटलाइन चहूबाजूंनी सारखीच वाढते, आतल्या बाजूलासुद्धा. त्यामुळे भ ची फट गेली, स्त्र मधला अर्धा स त ला चिकटला, आणि बारीक रेघाही जाडच झाल्यानं इंग्रजीशी नातं ते काहीच उरलं नाही.

उतरवलेला जुना बोर्ड दुकानात भिंतीला टेकवून ठेवला होता. पत्र्यावर ऑइल पेंटनं हातानं लिहिलेला. मी टेप काढला. अक्षराची उंची चौदा इंच, भ ची फट जवळजवळ अडीच इंच. माझ्या अक्षराची उंची चोवीस इंच, आणि फट एक इंचसुद्धा नाही! त्या पेंटरनं सगळ्यात बारीक रेघही बोटाएवढी ठेवली होती. माझ्या इंग्रजीतली सहा मिलिमीटरची होती. चांगल्या नजरेच्या माणसाला सहा मीटरवरून पावणेदोन मिलिमीटरचा तपशील जेमतेम दिसतो. म्हणजे वीस मीटरवर सहा मिलिमीटरची रेघ दिसली तर दिसली. शिवाय तेवढ्या रेघेत एलईडी बसवायला जागाच नसते, आणि रात्री जाड दांड्या उजळल्या की बारीक रेघ आणखीच हरवते. सकाळच्या उन्हात इंग्रजी 'ओ' मला दोन सुट्या कंसांसारखा दिसत होता.

दुपारी वर्कशॉपला कूलरसमोर बसून नव्यानं काढायला घेतलं. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन हा फॉन्ट समोर ठेवला. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, जाड-बारीक अगदी टोकाचं, आणि तो मोठ्या आकारासाठीच केलेला आहे. जाडी कुठं पडते ते त्यात नीट बघता आलं. बोरूनं लिहिलेल्या देवनागरीत जाडीचा तिरपेपणा रोमनच्या उलटा असतो. रोमनचा हिशेब उचलून क किंवा व वर लादला की अक्षर परकं वाटतं. कान्याच्या पायाला रोमनसारखे सेरिफ लावायचा मोहही मी टाळला. लावलेले बोर्ड गावात दिसतात, मला ते कधीच पटले नाहीत.

या वेळी आधी पोकळ्या आखल्या: भ ची फट, व चं पोट, ड चा वळसा. मग त्यांच्याभोवती जाडी भरली. सगळ्यात बारीक रेघ दोन्ही लिप्यांत अठरा मिलिमीटर. स्त्र मोकळा करताना शब्द तीन इंच लांबला, तेव्हा इंग्रजीची अक्षरं तेवढी जवळ घेतली.

संध्याकाळी दुसरा फ्लेक्स लावला. शेठजी पत्रिका हातात धरून बराच वेळ बघत होते. "भाऊ, इथल्या रेघा जाड वाटते," ते म्हणाले. मी त्यांना पलीकडच्या फुटपाथवर नेलं. तिथून त्यांनी पत्रिका धरली, बोर्ड पाहिला आणि पत्रिका खिशात ठेवली.

केसाएवढ्या रेघांचं मूळ अक्षर वाया गेलं नाही. दुकानाच्या पत्रिकांवर आणि गुळगुळीत कागदाच्या पिशव्यांवर तेच छापलं, हातातल्या अंतरावर ते सुरेखच दिसतं. कापडी पिशव्यांना मात्र बोर्डाचीच फाइल दिली, कारण स्क्रीन प्रिंटिंगमध्ये कापडाच्या विणीवर बारीक रेघ तुटते.

जुना बोर्ड मी शेठजींकडून मागून घेतला. तो कटिंग मशीनच्या मागे उभा आहे, आणि नवीन पोरगा कामाला लागला की टेप देऊन आधी त्याच्यावरचा भ मोजायला सांगतो.