काकांची एफसी-150 पुन्हा रस्त्यावर आणताना

गोव्यातल्या बांदोड्याच्या आमच्या कुळागरातले (बागायतीतले) नारळ आणि सुपारी वर्षानुवर्षं महिंद्राच्या एफसी-150 या जीपच्या जातीच्या पिकअपमधून बाजारात जायची. काका थकले तशी गाडी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, उभी राहिली. तिचा नंबर अजून गोवा, दमण, दीव एकत्र केंद्रशासित असतानाचा, ‘जीडी’ने सुरू होणारा. ती चालती करायला घेतली तेव्हा भेटेल तो एकच सल्ला देत होता: पेट्रोल इंजिन काढून टाक, डिझेल बसव. जुन्या जिपांपैकी कितीतरी जणींचं तेच झालंय. मला ते मुळीच नको होतं. या गाडीचा जीव त्या इंजिनातच आहे.

मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकन विलीज कंपनीचं ‘हरिकेन’ इंजिन, चार सिलिंडर, 2.2 लिटर. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये; अशी मांडणी आता कोणी करत नाही. आणि गाडीला नाक, म्हणजे पुढे बॉनेट, नाही, त्यामुळे इंजिन थेट केबिनमध्ये, दोन सीटांच्या मधोमध झाकणाखाली.

पण इंजिनाला हात लावण्याआधी चासी बघितली, आणि हाच क्रम धरावा असं मी कोणालाही सांगेन. गोव्याचा पाऊस आणि खारी हवा पत्र्याला आतून खाते. वरून रंग शाबूत दिसतो, हातोडीनं ठोकलं की आवाज बोदा येतो. मेस्त्रीनं केबिनच्या पायाखालची जमीन स्क्रू-ड्रायव्हरनं टोचली, तो आरपार गेला. “हांगा पत्रोच उरूंक ना, बाब.” (इथे पत्राच उरलेला नाही.) कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, चासीच्या पोकळीत साठलेली माती धुऊन काढली, ती कडक उन्हात वाळू दिली आणि मगच आतून अँटी-रस्ट मारलं. मागच्या हौद्याचा तळ माट्टीच्या लाकडाच्या फळ्यांनी बांधला.

मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम, पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर एकच आणि लाइनही एकच. कुठेही गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. हँडब्रेक तर चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर, आहे, म्हणजे तो गाडी उभी असतानाच ओढायचा. चाकांतले व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले होते. लेथवाल्यानं पितळी स्लीव्ह घालून दिले, रबर कप आणि पाइप सगळे नवे टाकले. रंगाचे पैसे मी इथे खर्च केले आणि रंग वर्षभर पुढे ढकलला.

इंजिनाचं बोअरिंग, पिस्टन, रिंगा ही कामं माहीतगार माणसाकडे दिली की होतात. टॅपेट लावणं, म्हणजे व्हॉल्व्हची फट बरोबर ठेवणं, मात्र मी स्वतः शिकलो. थंड इंजिनावर इनटेकचा गॅप 18 थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), एक्झॉस्टचा 16. वरचे सोपे. खालचे बाजूचं कव्हर काढून, अंग वाकडं करून, दोन पाने एका हातात सांभाळत लावावे लागतात. फट मोजणाऱ्या फिलर गेजची पट्टी जाताना किंचित अडली पाहिजे; मोकळी गेली तर टकटक राहते, घट्ट बसली तर व्हॉल्व्ह जळतो. ती अडण बोटांना कळायला वेळ लागतो, पण एकदा कळली की विसरत नाही.

आता पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर खराब करतं आणि हवेतलं पाणी ओढतं, त्यात आपल्याकडची पावसाळ्यातली हवा! म्हणून फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी तुडुंब भरून ठेवतो.

कागदांचं थोडक्यात सांगतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राचे विंटेज नियम 2021 साली आले, पण तशी नोंदणी केली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. मला ती चालवायची होती, म्हणून साधीच नोंदणी नूतन करून घेतली.

चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगून करतात त्या सजावटीचं, सामान आणायला तिला माशेलला नेली. फर्मागुडीचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये ओढला. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरच्या चाकांचा वेग जुळवणारी सोय) नाही; चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच करून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, मध्ये थोडी रेस द्यावीच लागते. मंगेशीकडच्या उतारावरही दुसराच ठेवला, कारण ड्रम तापले की पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. डाव्या गुडघ्याला इंजिनाची धग लागते ती वेगळीच. रिकामी असताना ती प्रत्येक खड्ड्यात उसळते, पण येताना हौद्यात नारळ, सुपारीची शिपटां (घोस) आणि केळीचे घड भरले, स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन आलं आणि ती शांत, सरळ धावू लागली. काका शेजारी बसले होते. भोमला पोचेपर्यंत बोलले नाहीत, मग म्हणाले, “टॅपेट बरे लावलेस. आता पुढच्या काचेचं रबर बघ, तिथून पाणी येतंय.”